वांग्याच्या टोपलीतला हवालदार

पडघान दर बाजाराला माझ्याकडे यायचा आणि बसायच्या आधी खिशातला फोन काढून माझ्या वांग्याच्या टोपलीत ठेवायचा. वरून दोन-चार मोठी वांगी लावायची, त्यावर पोत्याचा तुकडा. मग म्हणायचा, "आबा, हवालदाराले सांभाळजा. मी येतोच."

फोनला तो हवालदार म्हणायचा. त्याचं म्हणणं असं की हा खिशात असला म्हणजे माणूस कुठं गेला, कोणापाशी किती वेळ बसला, सगळं वर कळतं. म्हणून याला बाजारात बसवायचं आणि आपल्याला जिथं जायचं तिथं पायी जायचं.

"वरून पाहणाऱ्याले वाटलं पाह्यजे, पडघान तीन घंटे वांगे निवडून राह्यला."

मी म्हटलं, "तीन घंटे वांगे निवडणारा माणूस येडा असते."

"येड्याची फाईल बारीक असते आबा. मले तेच पाह्यजे."

मी चौथी शिकलेला माणूस. मास्तरांशी भांडण झालं म्हणून शाळा सोडली, आणि चूक मास्तरांचीच होती हे मी आजही सांगीन. धाडच्या अलीकडे आमचं गाव, थोडा मळा, वांगी आणि मिरची. मला पेपरातलं राजकारण कळत नाही. पण कोणी काही सांभाळायला दिलं तर ते जसंच्या तसं परत देतो, एवढं मला येतं. दोन वर्षं मी त्या माणसाचा हवालदार सांभाळला. एकदा तर भर बाजारात तो वाजायला लागला. शेजारी मिरच्या घेऊन बसणारी शांताबाई ओरडली, "आबा, तुमचं वांगं वाजून राह्यलं!" सगळी ओळ हसली. मी वांगं उचलून कानाला लावलं आणि "मालक घरी नाई," म्हणून परत ठेवून दिलं.

पडघान बुलढाण्याच्या एका पेपराचा बातमीदार होता. दिसायला काहीच नव्हता. चाळिशीचा, बुटका, खांद्याला बियाण्याच्या कंपनीची कापडी पिशवी, अंगात विटका निळा सदरा. सदऱ्याच्या खिशात रबर लावलेली छोटी वही. चहा बशीतच ओतायचा आणि बशी थंड होईपर्यंत विसरायचा. वांगी घेताना किडकी बघून घ्यायचा. दुनिया चकचकीत वांगं शोधते, हा भोक शोधायचा. म्हणे, "ज्यात अळी जिवंत आहे त्यात औषध कमी. अळीनं आधी खाऊन पाह्यलं, मंग आपण खावं." मी त्याच्यासाठी किडकी वांगी वेगळी काढून ठेवायला लागलो. असं मी कोणा तहसीलदारासाठीही केलेलं नाही.

पण त्याची खरी कारागिरी दुसरीच होती. तो कधी प्रश्न विचारत नसे. चुकीचं बोलायचा.

आमच्या बाजारात खांबांवर कॅमेरे लागले तेव्हाची गोष्ट. चहाच्या टपरीवर ग्रामसेवक उभा होता. पडघान बशीत फुंकर मारत म्हणाला, "बारा कॅमेरे बसवले तुम्ही. ग्रामपंचायतीनं ठराव घेतला, लय चांगलं काम केलं."

ग्रामसेवकाला राहवलं नाही. "बारा कुठचे, आठ आहेत. आन् ठराव कायचा? वरूनच आले. खांब उभे झाल्यावर ठराव लिहून घेतला आमच्याकून."

"अस्सं," म्हणून पडघाननं वही काढली, एक ओळ लिहिली, रबर लावलं, वही खिशात. नंतर मला म्हणाला, "आबा, माणूस विचारलं तं दडवते. पण समोरचा चुकून राह्यला म्हटलं की त्याच्या पोटात मावत नाई."

"मी नाई असा फसणार," मी म्हटलं.

"तुमचं काय, तुम्ही तिसरी शिकलेले—"

"चौथी!"

तो इतका हसला की चहा सांडला. वहीत मात्र तेही लिहून घेतलं त्यानं.

तो आमच्या बाजारात यायचा तो पारध्यांच्या बेड्यावर जायला. बेडा म्हणजे गावाबाहेर नाल्यापलीकडे त्यांची पंधरा-वीस टिनाची घरं आणि पालं. कॅमेरे लागल्यापासून बाजारातून तिथली माणसं उचलली जात होती. पोलीस चोरी विचारायचे, माणूस नाही म्हणायचा, ते म्हणायचे मशीननं चेहरा ओळखला. पडघान या भानगडीच्या मागे लागला होता.

एकदा तो बेड्यावर असताना साध्या कपड्यातले दोघे माझ्या दुकानापुढे येऊन थांबले. एकाच्या हातात मोबाइल. त्यात बघायचे, इकडेतिकडे बघायचे.

"बाबा, पडघान कुठी आहे?"

"कोण पडघान? वांगे घ्या. कवळे आहेत."

"इथंच आहे तो."

"मंग घ्या शोधून. माझ्या टोपलीत बसला असन."

तासभर उभे होते दोघं, ती टोपली पायाशी घेऊन. शेवटी कंटाळून एकानं वांगी मागितली. मी वरवरची दिली, खाली हात जाऊ दिला नाही. पडघान आल्यावर सांगितलं, तर आधी तो हसला, मग टोपलीतून फोन काढून उलटापालटा करून पाहिला. म्हणाला, "म्हणजे आबा, मी आतापर्यंत नुसता अंदाज करत होतो. आज खरं निघालं." त्या दिवशी त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याचे हात गार होते. मला वाटलं, हा माणूस भितो, आणि तरी येतो. माझ्या हिशोबानं त्याहून मोठा माणूस नसतो.

आता रतनचं सांगतो. रतन पवार त्याच बेड्यावरचा. माझ्या मळ्यात नऊ वर्षं पिकाला पाणी देत होता. लोक म्हणायचे, "आबा, पारध्याले मोटारीची चावी देता?" मी म्हणायचो, "चावी माझी, मोटर माझी, तुह्यं काय दुखते बे?" नऊ वर्षांत माझ्या मळ्यातली एक मिरची इकडची तिकडे झाली नाही.

त्या बाजाराच्या दिवशी रतन माझ्यासमोर मिठाची पुडी घेऊन उभा होता. तेच दोघे आले. मोबाइलमध्ये पाहिलं, रतनच्या तोंडाकडे पाहिलं, परत मोबाइलमध्ये पाहिलं. एक म्हणाला, "हाच." घाटाखालच्या एका गावात भरदिवसा विहिरीवरच्या मोटारी चोरीला गेल्या होत्या. तिथल्या कॅमेऱ्यात जो चेहरा आला तो याचाच, असं मशीननं सांगितलं म्हणे. दिवस सांगितला, वेळ सांगितली.

रतन म्हणाला, "आबा, त्या दिवशी मी वांग्यात होतो ना? सांगा ना यायले."

मी उठून सांगितलं. "हा माझ्या मळ्यात होता. मी सोता होतो तठी."

"तुम्ही कोण?"

"मालक."

"बाबा, मशीन खोटं बोलत नाई."

"आन् मी बोलतो काय?"

त्यांनी रतनला दंडाला धरून ओढत नेलं. मिठाची पुडी तिथंच फुटली. तीन दिवसांनी रतनची बायको सुंदरी त्याला कोर्टात पाहून आली. म्हणाली, दोघं धरून चालवत होते. तळपाय जमिनीला टेकत नव्हते त्याचे.

रतनला उचललं त्या दिवशी पडघान बेड्यावरून आला आणि माझ्या पोत्यावर बसला तो उठेचना. फोन मागायचा विसरला. मग म्हणाला, "आबा, आता मी हे सोडत नाई."

पुढच्या बाजाराला तो सुंदरीला घेऊन आला. तिच्याकडे वकिलानं दिलेल्या कागदांची नक्कल होती. त्यात मशीननं जुळवलेला रतनचा फोटो. मी चष्मा लावून पाहिला आणि म्हटलं, "हा तं माझा सदरा आहे."

पडघान म्हणाला, "सदरा कोणाचाही असू शकते आबा."

"कोणाचाही कसा? खिशावर शाईचा डाग पाह्य. चिंचोक्याएवढा. माझ्या पेनाचा आहे तो."

गोष्ट अशी होती. वर्षभरापूर्वी बेड्यावर जातीचे दाखले देण्याचं शिबिर झालं. अर्ज भरा, फोटो काढा, दाखला घरपोच येईल. रतनकडे न फाटलेला सदरा नव्हता. मी माझा दिला. त्यानं तो तेवढ्यापुरता घातला, धुऊन, घडी घालून परत आणून दिला. त्या सदऱ्यातला त्याचा फोटो जगात एकच, दाखल्याच्या अर्जावरचा. तो पोलिसांच्या मशीनमध्ये कसा गेला?

पडघान कागद हातात धरून उभाच राहिला. मग दोन आठवडे तो बेड्यावर घरोघर फिरला. उचललेल्या प्रत्येकाचा मशीनमधला फोटो शिबिरातलाच निघाला. कोणी उसनी टोपी घातलेली, कोणी लग्नातलं जाकीट. सुंदरी म्हणाली, "दाखला एकालेही नाई भेटला दादा. तोंडं मात्र समद्यायचे घेऊन गेले."

हे वाक्य त्यानं वहीत लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. बरोबर आहे का, विचारलं. मी त्याला प्रश्न विचारताना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

दुसरा पुरावा माझ्या भिंतीवर होता. आमच्याकडे शेतीची लाइट कधी येईल, कधी जाईल नेम नसतो. कोणत्या वाफ्याला पाणी झालं, कोणता राहिला, हे लक्षात राहावं म्हणून मोटारीच्या खोलीत भिंतीवर मी कोळशानं लिहून ठेवतो. तारीख, वार, वाफे, कोणी पाणी दिलं, लाइट कधी गेली. अक्षर माझं वाकडं आहे, पण खोटं नाही. त्या तारखेपुढची ओळ होती: मंगळवार. वांगी, खालचे वाफे. रतन. लाइट अकराला गेली, सव्वाबाराला आली.

पडघान ती ओळ बघून लहान पोरासारखा नाचला. पिशवीतून छोटा जुना कॅमेरा काढला. "याच्यात सिम नाई आबा, हा चुगली करत नाई." चार बाजूंनी फोटो काढले. मला भिंतीशेजारी उभं करून एक काढला. मग वीज ऑफिसात कोणा ओळखीच्याकडून लाइट गेल्याची वेळ काढून आणली. तंतोतंत. आठ दिवसांनी आला तो लांबूनच ओरडत आला, "जुळलं आबा! तुमचा कोळसा आन् त्यायचं रजिस्टर जुळलं!"

मग माझ्यापुढे बसला आणि म्हणाला, "तुमचं नाव छापू का? त्रास होईल."

"छाप. बापाच्या नावासकट छाप."

"मंग ही भिंत आता कागदावर गेली समजा. दिवाळीच्या आधी येते."

दिवाळी जवळ आली. आमच्यात घर चुन्यानं पोतारतात तशी मळ्यातली खोलीही पोतारतात, वर्षाचा काळा कोळसा लक्ष्मीपुढे ठेवत नाहीत. सून म्हणाली, "आबा, या वर्षी ती भिंत राहू देऊ का?" मी म्हटलं, "कायले? कागदावर गेली ते भिंतीवर कायले पाह्यजे?" चुना मीच कालवला. पहिला हात मीच मारला. कोणी म्हणेल, किती अडाणी. शिकलेल्या माणसानं दोन नकला ठेवल्या असत्या. मी पडघानचा शब्द ठेवला होता. शब्दावर आणखी नक्कल ठेवली असती तर तो त्याचा अपमान झाला असता, असं मला वाटलं.

दिवाळी झाली. एसटी स्टँडवर जाऊन मी रोज पेपर घ्यायचो, ओळीवर बोट ठेवून वाचायचो. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती वाचल्या, श्रद्धांजल्या वाचल्या. रतन नव्हता. पडघानही बाजारात येईनासा झाला. त्याच्यासाठी काढलेली किडकी वांगी सुकून गेली. एकदा फोन लागला. म्हणाला, "आबा, संपादक पाहून राह्यले. थोडं थांबा." त्यानंतर लागला नाही.

मी जीपनं बुलढाण्याला गेलो, त्याच्या ऑफिसात. एक चष्मेवाला माणूस म्हणाला, पडघान सोडून गेले.

"रतनची बातमी?"

"कोणती बातमी?"

मी सगळी सांगितली. सदरा, शिबिर, भिंत. त्यानं कामातून डोकं वर काढलं आणि म्हणाला, "आबा, अशी बातमी त्यांनी आमच्याकडे दिलीच नाही. दिली असती तर मी छापली असती." तो खोटं बोलत असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलं. त्यानं मला पाणी दिलं. मी प्यायलो नाही.

रतनच्या वकिलानं मला विचारलं, "लेखी काही आहे का?" मी म्हटलं, "आहे. चुन्याखाली." घरी येऊन विळ्यानं भिंत खरवडली. चुना निघाला, त्याच्याबरोबर कोळसाही निघाला. खाली कोरी माती राहिली. सून दारात उभी होती, काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

वकील म्हणाले, पडघानकडचा फोटो मिळाला तर फार उपयोग होईल. नाहीतर तुमचं तोंडी. रतन अजून आत आहे. मी तोंडी सांगणार आहे, पुढच्या तारखेला, उभं राहून. समोरचा वकील म्हणेल म्हातारा आहे, मालक आहे, आपल्या माणसाची बाजू घेतो. म्हणू दे.

पडघाननं असं का केलं ते मला माहीत नाही. कोणी म्हणतं त्याच्यावरच गुन्हा दाखल करणार होते. कोणी म्हणतं त्याच्या मुलीच्या शिक्षणाची सोय झाली. भ्यायला असेल तर भिण्यात लाज नाही. गार हात मी धरलेले आहेत. पण भ्यालेला माणूस येऊन म्हणू शकला असता, आबा, माझ्याच्यानं नाही होत, हे घ्या तुमचे फोटो. माझी वस्तू माझ्या टोपलीत ठेवून गेला असता. मी त्याची ठेवली होती.

यंदा आमच्या बाजारात मांडव पडला. जुने कॅमेरे काढून नवे बसवले, त्याचा कार्यक्रम. ज्या कंपनीचे कॅमेरे तिचा माणूस माइकवर बोलत होता. आवाज ऐकून मी मिरचीवाल्या शांताबाईला म्हटलं, "पाह्य वं, हा कोण?" ती मान उंच करून म्हणाली, "आबा, तुमचा वांगेवाला!"

कोट घातलेला. दाढी गुळगुळीत. माइकवर म्हणत होता, ज्यानं काही केलं नाही त्याला कशाची भीती? मशीन भेदभाव करत नाही. टाळ्या पडल्या. बेड्यावरचं कोणी नव्हतं. ते आता बाजाराला येत नाहीत, मीठसुद्धा दुसऱ्याकडून मागवतात.

कार्यक्रम झाल्यावर तो आपणहून माझ्याकडे आला. टाळू शकला असता, टाळलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगतो.

"आबा, ओळखलं का?"

"मी मशीन नाई. मले येळ लागते."

हसला. खाली बसला, वांगी निवडायला लागला. चकचकीत, बिनभोकाची. मी सवयीनं टोपलीवरचं पोतं बाजूला केलं आणि हात पुढे धरला. तो माझ्या हाताकडे बघत राहिला. काय मागतो हे त्याला कळलं नाही, की कळलं, देव जाणे.

मी म्हटलं, "भिंतीचा फोटो पाह्यजे. रतनचे वकील मागून राह्यले."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग बशीतल्या चहावर बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "कोणती भिंत आबा? मी आलो तवा तं ती पोतारेल होती."

खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. मला वाटलं, आला! जुना पडघान आला! मुद्दाम चुकीचं बोलून राहिला, मी दुरुस्त करावं म्हणून. मी उभा राहिलो. सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं बोललो.

"चूक! मंगळवार. वांगी, खालचे वाफे. रतन. लाइट अकराले गेली, सव्वाबाराले आली. मी भिंतीजोळ उभा होतो आन् तू फोटो काढला. कॅमेऱ्यात सिम नव्हतं. दिवाळीच्या आधी येते म्हणला. तू गेल्यावर म्या चुना मारला, माझ्या हातानं. लिही!"

शांताबाईनं मिरच्या तोलायचा हात थांबवला.

पडघानचा हात छातीकडे गेला. वहीच्या खिशाकडे. मी वाट पाहिली.

वही नव्हती. त्या खिशात हवालदार बसला होता, काठाच्या वर डोळा काढून, सरळ माझ्याकडे बघत. पडघाननं त्याला बोटानं जरा नीट बसवलं, निवडलेली वांगी परत टोपलीत ठेवली आणि मांडवाकडे निघून गेला.